आधी सांगा, पिन विचारला का?

"सर, कार्ड घेईना झालंय बगा." पावसाळ्यात रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की पलीकडून बहुधा हेच ऐकू येतं. कधी बेळगावच्या उद्यमबागेतून, कधी मच्छेहून, कधी निपाणीकडच्या एखाद्या कारखान्यातून. मुलगा कानडी असेल तर "आगतिल्ल री" (होत नाही हो) एवढ्यात सगळं आटोपतं. हे कार्ड म्हणजे सर्व्हरमध्ये लॉगिन करायला लागणारं स्मार्ट कार्ड. फोन आला की माझा प्रश्न ठरलेला असतो: पिन विचारला का?

नव्या मुलांना हा प्रश्न उगीचच वाटतो. "लक्ष नाही दिलं सर," म्हणतात. मग मी फोन न ठेवता पुन्हा करून बघायला लावतो. कारण पिनची खिडकी आली नसेल तर बिघाड नव्वद टक्के वेळा तुमच्या टेबलावर असतो. पिन दिल्यानंतर नकार आला असेल तर तो सर्व्हरकडे असतो. हे न ठरवताच सर्व्हरच्या सेटिंगला हात घातला की एका बिघाडाचे दोन होतात. नव्वद टक्के हा माझ्या वहीतला अंदाज आहे, मोजून काढलेला आकडा नाही. उरलेल्या दहांत काय येतं ते पुढे सांगतो.

आधी हे कार्ड नेमकं कशाला लागतं ते समजून घ्या. मोठ्या सर्व्हरच्या आत एक छोटा, स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. डेलच्या सर्व्हरवर त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईच्या सर्व्हरवर आयएलओ. बोलताना सगळे 'आयलो'च म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी वीज जोडलेली असेपर्यंत हा चालू असतो. त्याचा आयपी पत्ता वेगळा असतो आणि ब्राउझरमध्ये उघडणारं पानही वेगळं. टिळकवाडीत घरी बसून निपाणीचा सर्व्हर चालू-बंद करता येतो तो याच्यामुळे. एवढी ताकद असलेल्या दाराला नुसता पासवर्ड पुरत नाही, म्हणून कार्ड आलं. कार्डाच्या चिपमध्ये एक खासगी किल्ली असते आणि ती चिपच्या बाहेर कधीच येत नाही. पिन दिला की चिप त्या किल्लीने आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर देते. यूएसबी टोकन वापरत असाल तर तेही हेच आहे, कार्ड आणि रीडर एकाच डबीत बसवलेले.

लॉगिनच्या वेळी घडतं ते असं. तुम्ही पान उघडता. सर्व्हरमधला कंट्रोलर, म्हणजे तोच छोटा संगणक, ब्राउझरला म्हणतो, सर्टिफिकेट दाखव. सर्टिफिकेट म्हणजे कार्डातलं डिजिटल ओळखपत्र. ब्राउझर यादी दाखवतो, तुम्ही त्यातलं एक निवडता. मग पिनची खिडकी येते आणि चिप सही करते. त्यानंतर कंट्रोलर चार गोष्टी बघतो: हे सर्टिफिकेट दिलं कोणी, त्याची मुदत चालू आहे का, ते रद्द झालेलं तर नाही, आणि ते कोणत्या युजरचं आहे. पिन या सगळ्याच्या बरोबर मधोमध येतो, म्हणून तो प्रश्न पहिला.

पिनच्या अलीकडे

रीडर कुठे लावलाय ते बघा. हसू नका. सर्व्हर रूममध्ये उभं राहून सर्व्हरच्याच यूएसबी पोर्टला रीडर लावून बसलेले इंजिनियर मी पाहिले आहेत. रीडर लागतो तो ज्या मशीनवर ब्राउझर उघडलाय त्याला. सर्व्हर तीन फुटांवर असला तरी लॅपटॉपलाच लावा.

नंतर कार्ड स्वतः. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वाळू आणि लोखंडाची काळी बारीक धूळ शर्टाच्या खिशातसुद्धा जाते, आणि कार्ड तर गळ्यात लटकलेलं असतं. चिपवरचे सोनेरी चौकोन काळपट दिसत असतील तर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. खोडरबराने घासायची सवय अनेकांना आहे. त्याने एकदा काम होतं, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. ब्लेड किंवा चाकू तर मुळीच नको. रीडरच्या फटीतही धूळ साठते. तिथे फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. खानापूरकडच्या दमट हवेत असा रीडर दोन पावसाळ्यांत हिरवा पडलेला मी बघितलाय.

कार्ड स्वच्छ आणि दिवाही लागतोय, तरी पुढे सरकत नाही? मग विंडोजला विचारा. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'सर्टयुटिल -एससीइन्फो' ही आज्ञा द्या. रीडरचं नाव, कार्ड आत आहे की नाही आणि कार्डावरची सर्टिफिकेटं असं सगळं ती सांगते. मध्येच पिन विचारला तर कॅन्सल केलं तरी चालतं. रीडरचं नावच आलं नाही तर ड्रायव्हर किंवा 'स्मार्ट कार्ड' नावाची सर्व्हिस बघा. रीडर दिसतो पण कार्ड ओळखत नाही, असं असेल तर त्या कार्डाचं मिडलवेअर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांना जोडणारं सॉफ्टवेअर, बसवलेलं नाही. कार्ड दिसतं पण सर्टिफिकेट ब्राउझरपर्यंत येत नाही, तर 'सर्टिफिकेट प्रॉपगेशन' ही सर्व्हिस बंद असण्याची शक्यता जास्त. लिनक्सवाल्यांनी 'पीसीएससीडी' चालू आहे का ते बघावं आणि 'पीसीएससी_स्कॅन' चालवावं. काम तेच.

इथेच रिमोट डेस्कटॉपचा एक चकवा आहे आणि त्यात जुने लोकही अडकतात. समजा प्लांटमधल्या मशीनला तिथल्या मुलाने रीडर लावला आणि तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर गेलात. तो रीडर तुम्हाला दिसणारच नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये विंडोज तुमच्या हाताखालचे रीडर दाखवतं, त्या मशीनला लावलेले नाही. मुलगा शपथेवर सांगतो, "लावलंय की सर!" तुम्ही म्हणता, दिसत नाही. खरं दोघांचंही असतं. कार्ड तुमच्याकडे असेल तर रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस'मध्ये 'मोअर'वर जाऊन स्मार्ट कार्डवर टिक करा, मग जोडा. कार्ड प्लांटमध्येच असेल तर स्क्रीन शेअर करणारं एखादं अ‍ॅप घ्या, कारण ते त्या मशीनचाच पडदा तुम्हाला दाखवतं.

आता ते उरलेले दहा टक्के. 'सर्टयुटिल'मध्ये सर्टिफिकेट दिसतं, विंडोजमधल्या सर्टिफिकेटांची यादी दाखवणाऱ्या 'सर्टएमजीआर'च्या 'पर्सनल'मध्येही दिसतं, पण ब्राउझर निवडायची यादीच दाखवत नाही. अशा वेळी पिन आला नसला तरी टेबल निर्दोष असू शकतं. कारण सर्टिफिकेट मागताना कंट्रोलर सोबत एक यादी पाठवतो: मी या या संस्थांनी दिलेलीच सर्टिफिकेटं मानतो. तुमचं कार्ड देणाऱ्या सीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, नाव त्या यादीत नसेल तर ब्राउझर तुमचं सर्टिफिकेट गुपचूप बाजूला ठेवतो. त्याला वाटतं, ज्याचा उपयोग नाही ते दाखवायचं कशाला. कंपनीने सीए बदलला आणि कंट्रोलरमध्ये नव्या सीएचं सर्टिफिकेट चढवायचं राहिलं, की हे हमखास होतं.

दुसरं कारण ऑफिसचा फायरवॉल किंवा अँटीव्हायरस. एचटीटीपीएसची, म्हणजे कूटबद्ध पानांची, तपासणी चालू असेल तर तो मध्ये बसून दोन्हीकडे वेगवेगळं बोलतो, आणि कार्डाची सही त्याला पलीकडे पोचवता येत नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट बघा. तिथे सर्व्हरऐवजी फायरवॉलच्या कंपनीचं नाव दिसलं तर चोर सापडला. तो आयपी पत्ता तपासणीतून वगळून घ्या.

तिसरं कारण साधं आहे. मघाशी चुकून कॅन्सल दाबलं असेल तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारत नाही. टॅब बंद करून भागत नाही, ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करा. फायरफॉक्सचा संसार बराच काळ वेगळा होता, त्याला कार्डाचं मॉड्यूल हाताने जोडावं लागायचं. विंडोजवर आवृत्ती ९० पासून तो विंडोजमधली सर्टिफिकेटं आपण होऊन घेतो. आणि एखाद्या जुन्या सर्व्हरचं फर्मवेअर (आतल्या छोट्या संगणकाचं सॉफ्टवेअर) इंटरनेट एक्सप्लोररचा अ‍ॅक्टिव्हएक्स प्लगइन मागत असेल, तर त्याच्याशी झगडण्यात रात्र घालवू नका. तो ब्राउझर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. फर्मवेअर अपडेट करा.

यादी आली, पण त्यात तीन नावं? लहान कारखान्यात हे नेहमीचं, कारण त्याच संगणकावरून जीएसटीचं डिजिटल सिग्नेचर टोकनही वापरलेलं असतं. मालकाच्या नावाचं सर्टिफिकेट वर दिसतं, मुलगा तेच दाबतो आणि मग सर्व्हर खराब झाल्याचा फोन करतो. ते टोकन रिटर्न भरायला दिलेलं, सर्व्हरच्या दाराशी त्याचा संबंध नाही. कोणी दिलं आणि मुदत कधीपर्यंत, हे दोन रकाने वाचून मगच निवडा.

पिन

यावर फार बोलण्यासारखं नाही, पण जे आहे ते महागात पडतं. बऱ्याच कार्डांवर सलग ३ वेळा पिन चुकला की कार्ड कुलूपबंद होतं आणि मग पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा कोड, लागतो, जो ज्याने कार्ड दिलं त्याच्याकडे असतो. आमचा नियम असा की दोनदा चुकला की हात वर. तिसरा प्रयत्न फोनवर विचारल्याशिवाय नाही.

पिन बरोबर असूनही चुकतो तो कीबोर्डमुळे. आमच्याकडच्या संगणकांवर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असे तीन कीबोर्ड एकत्र नांदतात. मराठी लेआउट चालू असेल तर अंकसुद्धा देवनागरी उमटू शकतात, आणि पिनच्या खिडकीत नुसते ठिपके दिसतात. नोटपॅडमध्ये आधी दोन-चार भलतेच अंक टाइप करून बघा. स्वतःचा पिन तिथे टाइप करू नका, हेही सांगावं लागतं. नमलॉकही बघा.

एक खुणगाठ: एकदा दिलेला पिन विंडोज थोडा वेळ लक्षात ठेवू शकतं. त्यामुळे दुसऱ्यांदा पिन विचारला नाही म्हणून गोंधळू नका. चाचणी दर वेळी कार्ड काढून, ब्राउझर पूर्ण बंद करून, नव्याने करा.

पिनच्या पलीकडे

पिन घेतला, क्षणभर पान फिरलं आणि नकार आला. आता तुमचं टेबल सोडा. पासवर्डाने आत जाता येत असेल तर आत जाऊन आधी लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, वाचा. आयड्रॅकमध्ये लाइफसायकल लॉग, आयएलओमध्ये सिक्युरिटी लॉग. नवी मुलं लॉग शेवटी वाचतात. तो आधी वाचला तर खालचं अर्धं वाचायची गरज उरत नाही.

मी पहिल्यांदा घड्याळ बघतो. सर्व्हरचं नाही, कंट्रोलरचं. सर्टिफिकेटला सुरुवातीची तारीख असते तशी शेवटचीही असते, आणि कंट्रोलर ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो. सुट्टीत प्लांटची वीज दोन-तीन दिवस बंद, त्यात मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला, की घड्याळ काही वर्षं मागे जातं. अशी चूक लगेच डोळ्यात भरते. डोळ्यात भरत नाही ती साडेपाच तासांची चूक. लिनक्स साधारणपणे हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं. कंट्रोलरला एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणारा सर्व्हर) दिलेला नसेल तर तो याच घड्याळावरून वेळ घेतो. घड्याळात यूटीसी आहे आणि कंट्रोलर तिला भारतीय वेळ समजला, तर तो ५ तास ३० मिनिटं मागे पडतो. जुन्या कार्डांना काही फरक पडत नाही. पण सकाळी ११ वाजता काढलेलं नवं कार्ड त्याच्या दृष्टीने अजून जन्मलेलंच नसतं. दिवसभर सगळे झटतात, आणि साडेचारच्या सुमारास कार्ड आपोआप चालू होतं. ज्याने शेवटचं केबल हलवलं त्याला श्रेय मिळतं.

उपाय म्हणजे कंट्रोलरला एनटीपी आणि टाइम झोन दोन्ही द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा तिच्याशी जुळवलेल्या एनटीपी सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. मॅनेजमेंटच्या नेटवर्कला, म्हणजे कंट्रोलरसाठीच्या वेगळ्या नेटवर्कला, बाहेरची वाट नसेल तर आतल्या डोमेन कंट्रोलरकडून (कंपनीची सगळी खाती सांभाळणाऱ्या विंडोज सर्व्हरकडून) वेळ घ्या.

पुढचं, नवं कार्ड. जुनं संपलं, नवं आलं, लॅपटॉपवर चालतं, मेलवर चालतं, फक्त सर्व्हरवर चालत नाही. डोमेनशिवाय, कंट्रोलरमधल्याच युजरला कार्ड जोडलेलं असेल तर तिथे जुन्या सर्टिफिकेटची प्रत चढवलेली असते. माणूस तोच असला तरी सर्टिफिकेट नवं, त्यामुळे ओळख पटत नाही. 'सर्टएमजीआर'मधून नवं सर्टिफिकेट बेस-६४ या मजकुराच्या रूपात एक्सपोर्ट करा आणि युजरच्या पानावर चढवा. यात खासगी किल्ली नसते, त्यामुळे ही फाइल मेलने पाठवायलाही हरकत नाही. ज्याचे दहा सर्व्हर आहेत त्याने हे दहा ठिकाणी करायचं, आणि जुन्या कार्डाची मुदत संपायच्या आधी.

आता खास आपल्या भागातली गंमत. काही व्यवस्थांमध्ये ओळख सर्टिफिकेटमधल्या नावाच्या ओळीवरून पटवतात, आणि त्या ओळीत कधी कधी गावही असतं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग बदललं. त्यावर माझं मत काय ते इथे नको. पण अर्जात जुन्या पद्धतीने गाव लिहून काढलेलं कार्ड संपलं, नव्या माणसाने नवं स्पेलिंग घालून अर्ज केला, की संगणकाच्या लेखी हा दुसराच इसम. आडनावाचंही तेच. 'पाटील'मधली दुसरी वेलांटी इंग्रजीत एका आयने लिहायची की दोन ई लावून, हे घरातल्या घरात ठरलेलं नसतं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं. डोमेनमध्ये ओळख बहुधा यूपीएनवरून पटते, म्हणजे ईमेलसारख्या दिसणाऱ्या नावावरून. ते सर्टिफिकेटमध्ये आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या यादीत, अक्षर न् अक्षर तेच आहे का, हे दोन खिडक्या शेजारी उघडून बघा. डोळ्यांवर भरवसा नको, कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवा.

चौथी अडचण रद्द यादीची. सीएने रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, कंट्रोलर तपासू शकतो. तो पर्याय चालू असेल तर यादी आणायला त्याला सर्टिफिकेटमध्ये दिलेल्या पत्त्यावर पोचता आलं पाहिजे. मॅनेजमेंटचं नेटवर्क आपण सुरक्षेसाठी बंदिस्त ठेवतो, नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएससुद्धा देत नाही, आणि मग अपेक्षा करतो की त्याने बाहेरून यादी आणावी. शिवाय सीआरएललाही स्वतःची मुदत असते. सीएचा सर्व्हर बंद पडून नवी यादी निघाली नाही की एका रात्रीत सगळ्यांचीच कार्डं नाकारली जातात. म्हणून दुसऱ्या कोणाचं कार्ड चालतंय का, हा प्रश्न फोनवर लवकर विचारा. एकाचंच अडलं तर कार्ड किंवा युजर बघा, सगळ्यांचं अडलं तर घड्याळ, सीए किंवा सीआरएल.

आणि कार्ड सर्व्हरच्या पानावर चालतं पण जंप सर्व्हरच्या, म्हणजे ज्यावरून बाकीच्या सर्व्हरवर जातात त्या मधल्या सर्व्हरच्या, विंडोजमध्ये लॉगिन होत नाही, असं असेल तर मामला वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टने १० मे २०२२ च्या अपडेटपासून डोमेन कंट्रोलरवर सर्टिफिकेट आणि खातं यांची गाठ घट्ट असायला हवी असा नियम आणला आणि फेब्रुवारी २०२५ पासून तो सक्तीचा केला. जुन्या पद्धतीने काढलेलं, खात्याचा एसआयडी (ओळख क्रमांक) नसलेलं कार्ड तिथे अडतं. डोमेन कंट्रोलरच्या इव्हेंट लॉगमध्ये ३९ नंबरची नोंद शोधा आणि डोमेन सांभाळणाऱ्याकडे द्या. तुमच्याकडून होणारं काम नाही ते.

मागचं दार

हे सगळ्यात आधी करायचं काम आहे, पण आधी सांगितलं की कोणी वाचत नाही. आयड्रॅकमध्ये स्मार्ट कार्ड लॉगिन 'एनेबल्ड' केलं की लांबून आज्ञा द्यायच्या बाकी वाटा, म्हणजे एसएसएच, डेलचं स्वतःचं साधन रिमोट रॅकअ‍ॅडम आणि नेटवर्कवरचं आयपीएमआय, बंद होतात, कारण त्या सगळ्या कार्डाशिवाय चालतात. 'एनेबल्ड विथ रिमोट रॅकअ‍ॅडम' हा दुसरा पर्याय आहे, त्यात रॅकअ‍ॅडम चालू राहतं. चाचणीच्या काळात मी तोच ठेवतो. आयएलओमध्ये 'सीएसी स्ट्रिक्ट मोड' आहे. तो लावला की पासवर्ड कितीही बरोबर असो, सर्टिफिकेटाशिवाय प्रवेश नाही.

एका ठिकाणी आमच्याच माणसाने शनिवारी संध्याकाळी हे चालू केलं, कार्ड न तपासता. पान परत उघडलं तेव्हा ते त्याचं कार्ड मागत होतं आणि युजरला सर्टिफिकेट जोडलेलंच नव्हतं. रविवार पूर्ण गाडीत आणि सर्व्हर रूममध्ये गेला. सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये रॅकअ‍ॅडम आधीच बसवलेलं असतं तर जायची गरज पडली नसती. आतून चालणारं रॅकअ‍ॅडम नेटवर्कवरून जात नाही, त्यामुळे ते बंद होत नाही आणि तिथून स्मार्ट कार्डचं सेटिंग शून्यावर आणता येतं. दुसरी वाट म्हणजे सर्व्हर चालू होताना एफ-२ दाबून आयड्रॅक सेटिंग्जमध्ये जाणं, पण त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिलं, घड्याळ आणि सीएचं सर्टिफिकेट. दुसरं, दोन वेगवेगळ्या युजरना दोन वेगवेगळी कार्डं जोडा. तिसरं, सर्व्हरच्या आत रॅकअ‍ॅडम चालतंय याची खात्री करा. मग एका ब्राउझरमध्ये पासवर्डाने आत राहून स्मार्ट कार्ड चालू करा, ती खिडकी बंद न करता दुसऱ्या ब्राउझरमधून आधी एका आणि मग दुसऱ्या कार्डाने लॉगिन करून बघा. दोन्ही आत गेली की मगच पहिली खिडकी बंद. दुसरं कार्ड पाकिटात घालून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा आणि त्यावर मुदत लिहा. ते पहिल्या कार्डाबरोबर एकाच दिवशी काढू नका, तीन-चार महिन्यांनी काढा. एकाच दिवशी काढलेली दोन्ही कार्डं संपतातही एकाच दिवशी.